पावणेनऊचा खड्डा

“राणे मॅडम, तुमच्या क्लायंटचा सूर्य रोज सकाळी पावणेनऊला आजारी पडतो का हो?”

फोनवर मेश्राम मॅडम होत्या. मूळच्या नागपूरच्या, आता पुण्यात. त्या व्हेरिफायर, म्हणजे मी लिहिलेला अहवाल खरा आहे की मी थापा मारल्यात, हे तपासणाऱ्या. आवाज गोड, प्रश्न तिखट. वसईत, माणिकपूरच्या माझ्या टीचभर ऑफिसात मी नुकताच चहा ओतून घेतला होता. तो तसाच राहिला.

“कुठला क्लायंट?” मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं. त्या महिन्यात सूर्यावर चालणारा क्लायंट माझ्याकडे एकच होता.

“निर्मळचा. क्रिप्टोवाला. ग्राफ बघा तुम्ही. पावणेनऊला जनरेशन धाडकन खाली, साडेचारला पुन्हा वर. एवढा वक्तशीर ढग मी अजून पाहिलेला नाही. आठ दिवसांत खुलासा द्या, नाही तर फाइल बंद करावी लागेल.”

मी तेहतीस वर्षं वीज कंपनीत काढली. त्यातली बरीचशी वीजचोरी पकडण्यात गेली. तारेवर आकडा टाकणारे, मीटरमध्ये चुंबक लावणारे, मला बघून गच्चीवरून पळणारे, सगळे पाहिले. त्यामुळे माझी नजर जरा वाकडी झाली आहे, असं आमचे हे म्हणतात आणि ते खोटं नाही. निवृत्तीनंतर बोळिंजच्या घरात भाजी निवडत बसायचं जिवावर आलं, म्हणून एनर्जी ऑडिटरची परीक्षा दिली. एखादा कारखाना किती वीज खातो, कुठली खातो, कुठे वाया घालवतो हे तपासून लिहून द्यायचं, हे आता माझं काम.

आणि हा क्लायंट म्हणजे हर्षल. वय तीसच्या आतबाहेर, वसईजवळच्या निर्मळ गावचा, वाडीतला मुलगा. अंधेरीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून घरी आला आणि वडिलांच्या मागे रिकाम्या पडलेल्या शेडमध्ये त्याने क्रिप्टो मायनिंग सुरू केलं. मायनिंग म्हटल्यावर मीसुद्धा पहिल्यांदा कुदळ-फावडं डोळ्यांसमोर आणलं होतं. तसं काही नसतं. बुटांच्या खोक्याएवढी मशीन दिवसभर एक महाकिचकट गणित सोडवत बसतात. ज्याचं आधी सुटेल, त्याला डिजिटल नाणं मिळतं. या गणिताला वीज लागते, तीही अशी की एकेक मशीन गिझरसारखं वीज पितं. म्हणून जगभर या धंद्यावर ओरड आहे: नाणी तुमची, धूर आमचा.

हर्षलने त्यावर उपाय केला होता. वाडीत सोलर बसवलं. ऊन असेल तेव्हा सगळी मशीन चालवायची, ऊन कलल्यावर निम्म्याहून जास्त बंद. उरलेल्यांसाठी वीज कंपनीकडून हरित वीज घ्यायची, म्हणजे थोडा जादा दर भरून पवनचक्की-सोलरची वीज मागून घ्यायची. परदेशातली एक कंपनी आपली मशीन त्याच्या शेडमध्ये ठेवायला तयार होती. याला होस्टिंग म्हणतात. आपल्याकडे गोठ्यात दुसऱ्याची म्हैस सांभाळतात ना, तसं. त्यांची अट एकच होती. स्वच्छ विजेचं सर्टिफिकेट दाखव, मग मशीन पाठवतो.

ते सर्टिफिकेट नाही मिळालं, तर हर्षलला वाडी सोडून बंगलोरला जावं लागणार होतं. तिथल्या नोकरीचं पत्र त्याच्या खिशात होतं. घरात दुसरं कोणी नाही, फक्त आई. वत्सलाकाकू. मुलगा परत आला म्हणून या बाईने ग्रामदेवीला साडी नेसवली होती, आणि मला ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तर मी ग्राफ उघडला.

या सर्टिफिकेटचा नियम असा की वर्षाचा गोळाबेरीज आकडा चालत नाही. तासागणिक जुळवणी लागते. अमुक तासाला मशीनने इतकी वीज घेतली, त्यातली सूर्याची किती, हरित किती. त्यासाठी मी सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे डेटा लॉगर बसवला होता. ही एक छोटी पेटी असते, दर पंधरा मिनिटांनी नोंद करते. सील माझं. छेडछाड केली तर मला कळणार.

सप्टेंबर ठीक होता. पाऊस होता, जनरेशन, म्हणजे वीजनिर्मिती, कमी होती, पण ग्राफ शहाण्यासारखा होता: सकाळी चढण, दुपारी टेकडी, संध्याकाळी उतार. ऑक्टोबर लागला, आकाश मोकळं झालं आणि टेकडीला खड्डा पडला. पावणेनऊला सुरू, साडेचारला बंद. मध्ये साडेबाराच्या सुमाराला एक छोटासा हिसका. तो मात्र रोज नाही, एक दिवस आड.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तर आणखी गंमत दिसली. ज्या दोन दिवशी ढग होते, त्या दिवशी खड्डा नव्हता. म्हणजे ढग असताना जनरेशन जेवढं हवं तेवढं, आणि लख्ख उन्हात कमी! तेहतीस वर्षांत असं उलट्या डोक्याचं यंत्र मी पाहिलं नव्हतं. बरं, सकाळी साडेसात ते पावणेनऊ जनरेशन अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच. हे तर अजूनच संशयास्पद.

मी हर्षलला फोन केला.

“सावली पडते का रे कसली? नारळ, केळी वाढलीयत?”

“नाही मॅडम. सर्व्हे केला होता ना. वाडीतली सगळ्यात जास्त उन्हाची जागा आहे ती.”

“इन्व्हर्टर गरम होऊन ट्रिप होतोय?”

“ॲपवर एरर एकही नाही. मी दर तासाला बघतो.”

“ॲपवर बघतोस. पॅनेलकडे जाऊन बघतोस का?”

“तिथे काय बघायचं मॅडम? ॲपवर सगळं दिसतं.”

आजकालच्या मुलांचं हे असं आहे. पाऊस पडतोय का, हेही खिडकीऐवजी मोबाइलमध्ये बघतात. मी म्हटलं, “परवा सकाळी येते. दहा वाजता.”

ठरल्याप्रमाणे गेले. निर्मळच्या देवळापाशी फुलांच्या करंड्या लादलेल्या स्कूटर उभ्या होत्या. पुढे वाडीत वळलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. हर्षलची शेड रस्त्याच्या बाजूला आणि पॅनेल पार मागे, केळीच्या रांगांपलीकडे. जमिनीत लोखंडी स्टँड रोवून त्यावर दक्षिणेकडे कलती बसवलेली, खालची कड माझ्या कमरेएवढी. भोवती जाळीचं कुंपण, वर पाखरांसाठी जाळी, गेटला कुलूप. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. सगळं झकास. पॅनेल तर इतकी स्वच्छ, की मी त्यात माझे केस नीट केले.

मी मीटर लावला. सगळ्या स्ट्रिंग तपासल्या. स्ट्रिंग म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलची रांग. आग विझवायला माणसं हातोहात बादल्या देतात ना, तशी ती वीज पुढे सरकवतात. रांगेतला एक जण दमला की सगळी रांग मंदावते. म्हणून एका पॅनेलवर जरी काही पडलं, तरी अख्ख्या रांगेची वीज घसरते. इथे एकही दमलेला सापडला नाही. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले, आणि खड्डा पडलाच नाही! ग्राफ पाठ्यपुस्तकात छापावा असा.

घामाघूम होऊन ओट्यावर येऊन बसले. वत्सलाकाकूंनी चहा आणला आणि बशीत चार सुकेळी. ज्यांनी खाल्ली नसतील त्यांच्यासाठी सांगते. वसईची राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात बरेच दिवस वाळवतात. मग ती अंजिरासारखी मऊ, मधासारख्या रंगाची होतात. ती म्हणजे सुकेळी. पूर्वी घरोघरी व्हायची, आता मेहनत कोण घेतो?

“काकू, कुठून आणलीत?”

“आनते कुठून? घरच्याच केळ्यांची. कार्तिकात आपली जत्रा आहे ना, माझं दुकान असतं. सासूबाईंच्या जागेवर.”

“वा! आणखी एक घेऊ?”

“दोन घ्या की. मोजताय काय!”

मी तीन खाल्ली.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी लॉगर बघितला. पावणेनऊ. खड्डा हजर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जाते त्या दिवशी सगळं गुण्यागोविंदाने, पाठ वळली की पुन्हा तेच. चोरांच्या बाबतीत मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. साहेब येणार कळलं की आकडा निघतो, साहेब गेले की परत पडतो. माझी खात्री पटली: हा मुलगा सोलरची वीज लॉगरच्या आधीच कुठेतरी वळवतोय. दुसरी मशीन लपवली असणार.

मी त्याला माणिकपूरला बोलावून घेतलं आणि समोर ग्राफ ठेवला.

“आकडा कुठे टाकलायस ते सरळ सांग.”

तो बघतच राहिला. “मॅडम?”

“मी आले त्या दिवशी खड्डा नाही. त्याआधी दोन दिवस सलग नाही, तेव्हाही लख्ख ऊन होतं. बाकी रोज आहे. यात माणसाचा हात आहे, हर्षल. यंत्र एवढं ठरवून वागत नाही.”

“मी काही केलेलं नाही.”

“मग कोणी केलं? सूर्याने?”

तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली. “बंगलोरवाल्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय. हो सांगून टाकतो. ज्यांना मी फी देऊन आणलं त्यांनाच खरं वाटत नाही, तर परदेशातल्या लोकांना काय वाटणार?”

तो गेला आणि मला एकदम वाईट वाटलं. संशय घ्यायची सवय एक गोष्ट आणि पोराच्या तोंडावर चोर म्हणणं दुसरी. चोरी पकडली की चोर आधी आवाज चढवतो, हा माझा अनुभव. या मुलाने खुर्ची नीट ठेवली होती. रात्रभर ती खुर्चीच आठवत राहिली.

सकाळी उठले आणि यांना म्हटलं, “मी निर्मळला जाऊन येते.”

“कळवलंस का त्यांना?”

“नाही. हेच तर चुकलं मागच्या वेळी.”

बोळिंजहून स्कूटर काढली. साडेआठला वाडीत पोचले. शेडमध्ये मशीनचे पंखे घोंघावत होते. दाराच्या फटीतून हर्षल कानाला हेडफोन लावून पाठमोरा बसलेला दिसला. मी त्याला हाक मारली नाही. शेडला वळसा घालून केळीच्या रांगांमधून मागे गेले. गेट उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं.

आत वत्सलाकाकू होत्या. पदर खोचलेला. हातात बादली आणि फडकं. खालच्या रांगेतली पॅनेल त्यांनी धुऊन लख्ख पुसून काढली होती. मग त्यांनी बाजूला गुंडाळून ठेवलेल्या बांबूच्या चटया उचलल्या आणि एकेक करून पॅनेलवर अंथरल्या. त्यावर सोललेली राजेळी केळी, एकाशेजारी एक, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी सरळ. वरून मच्छरदाणीचं कापड. चार कोपऱ्यांना चार चिमटे.

मी घड्याळात पाहिलं. पावणेनऊ.

मला जे हसू फुटलं, ते आवरेचना. तिथेच एका दगडावर बसले. काकू दचकून वळल्या.

“अगं बाई! मॅडम तुम्ही? आनि सांगितलं नाहीत ते? आज तर काहीच आवरलं नाही हो मी!”

“मागच्या वेळी आवरलं होतंत?”

“मग! पाहुने येनार म्हटल्यावर दारात वाळवन कोन ठेवतं? सगळं उचलून घरात नेलं होतं.”

“आणि त्याच्या आधीचे दोन दिवस?”

“तेव्हा आगाशीला होते. भाचीचा साखरपुडा. तुम्हाला कसं कळलं?”

कसं कळलं! लॉगरने या बाईच्या भाचीचा साखरपुडासुद्धा नोंदवून ठेवला होता. ढगाळ दिवशी खड्डा का नाही, तेही उमगलं. ढग असले की वाळवण कोण घालणार? एक दिवस आड साडेबाराचा हिसका म्हणजे केळी परतायला काकू कापड काढत, चटया हलवत, त्याचा. आणि सकाळचं जादा जनरेशन हे त्यांच्या फडक्याचं. सगळं उत्तर ग्राफमध्ये होतं. इतकंच नाही, पुरावा बशीत घालून माझ्यापुढे ठेवला होता आणि तो मी मागून मागून खाल्ला होता.

“पण काकू, पॅनेलवर का?”

“मग कुठं? ही जागा माझीच ना. सुकेळ्यांचं खळं होतं इथं. सासूबाई इथंच घालायच्या. वाडीत दिवसभर ऊन लागतं ते इथंच, बाकी सगळी नारळाची सावली. त्या सोलरवाल्याने चार दिवस यंत्र फिरवलं आनि मग म्हनाला, हीच जागा. मी म्हटलं, मला विचारलं असतंस तर पयल्याच दिवशी सांगितलं असतं.” त्यांनी पॅनेलवर प्रेमाने हात फिरवला. “वाईट वाटलं होतं खळं गेलं तेव्हा. पन ही काच बघा, खालून बी तापते. कुंपन आहे, कोंबडी येत नाही. जाळी आहे, कावळा येत नाही. मी म्हटलं, लेकाने आईसाठीच केलं जनू.”

आता हसणं बंद झालं. हे त्यांना सांगायचं कसं, कळेना. शेवटी सरळ सांगितलं: चटईखाली पॅनेल झाकलं की वीज पडते, वीज पडली की हिशेब जुळत नाही, हिशेब जुळला नाही की सर्टिफिकेट नाही.

“आनि ते नाही मिळालं तर?”

“तर हर्षल बंगलोरला.”

“म्हंजे माझ्या सुकेळ्यांपायी माझाच पोरगा चालला?” आणि पुढच्या क्षणी काकू चटया भराभरा गुंडाळायला लागल्या, केळ्यांसकट. “नको ती सुकेळी. नको ती जत्रा. तुम्ही त्याला सांगू नका फक्त.”

“सांगावं तर लागेलच. मला त्याची माफी मागायचीय.”

हर्षलला मी हात धरून मागे आणला. चटया, आई, केळी, मी अशी त्याची नजर फिरली. मग तो इतक्या मोठ्याने हसला की कुंपणावरचे बुलबुल उडाले. मी म्हटलं, “चुकले रे बाबा. चोर नाहीस तू. तुझी आई आहे.”

“आई, अगं मला सांगायचंस तरी!”

“तू विचारलंस कधी, कुठं वाळवतेस म्हनून? खातोस तेवढं.”

हर्षलने कान पकडले. खाल्ली तर मीही होती.

आता प्रश्न राहिला केळ्यांचा. काकू जत्रा सोडायला तयार होत्या, पण त्या चटयांकडे असं काही बघत होत्या की ते मला बघवेना. मी विचारलं, “पावसात कपडे कुठे वाळत घालता?”

“शेडच्या मागं. मशीनची गरम हवा येते ना बाहेर, तासाभरात लुगडं सुकतं.”

मी आणि हर्षल एकमेकांकडे पाहायला लागलो.

या मशीनमध्ये जेवढी वीज जाते, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखे ती मागच्या भिंतीतून फेकतात. मी थर्मामीटर लावला तर पन्नासच्या वर. केळी वाळवायला याहून वेगळं काय हवं? आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: उष्णतेचा पुनर्वापर. मी आजवर भरलेल्या प्रत्येक फॉर्ममध्ये तिथे एक आडवी रेघ मारलेली आहे.

हर्षलने आधी नकार दिला. “हवा अडली तर मशीन तापतील. तापली की आपोआप मंदावतात. गेलं सगळं.” मग आम्ही कागद घेऊन बसलो. वसई फाट्याच्या पत्रेवाल्याकडून रुंद तोंडाचा डक्ट, म्हणजे हवा नेणारा पत्र्याचा नळ, करून घेतला. तोंडाला धूळ अडवायला फिल्टर. त्यापुढे चार हात अंतर सोडून स्टीलच्या जाळीच्या ट्रेंचं कपाट, चारी बाजूंनी मोकळं. मशीनचं तापमान एका अंशानेही वाढलं नाही.

काकूंचा मात्र विश्वास बसेना. “उन्हाशिवाय सुकेळं? कोन खानार?” एक ट्रे लावू दिला, तोही लहान केळ्यांचा. तीन दिवसांनी त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे.

“गोडी आलीय,” त्या म्हणाल्या. “पन उन्हाचा वास नाही. शेवटचा एक दिवस ऊन दाखवावं लागेल. ओट्यावर चार तास येतं तेवढं पुरेल.”

ठरलं. आधी मशीन, मग सूर्य.

मेश्राम मॅडमना मी खुलासा मात्र मुदतीतच, डक्ट तयार व्हायच्या आधी पाठवला होता. गोलमाल भाषेत लिहिता आलं असतं: तात्पुरती सावली, कारण दूर केले. पण तेहतीस वर्षं लोकांना खरं लिहा म्हणून दम दिल्यावर आपण कसं टाळणार? सरळ लिहिलं की पॅनेलच्या खालच्या रांगेवर राजेळी केळी वाळत घातली जात होती. सोबत फोटो. साखरपुड्याची तारीखही जोडली.

दहा मिनिटांत फोन.

“राणे मॅडम, ही थट्टा आहे का?”

“नाही.”

“मी पंधरा वर्षं या कामात आहे. धूळ ऐकली, कबुतरं ऐकली, पतंग ऐकले. केळी?”

“सुकेळी,” मी म्हटलं.

पलीकडे माउसची टिकटिक झाली. मग म्हणाल्या, “पंधरा दिवस स्वच्छ डेटा द्या. मग मी स्वतः येऊन बघेन. तोवर काही कबूल करत नाही.”

हर्षलने बंगलोरवाल्यांकडे पंधरा दिवस मागून घेतले. परदेशी कंपनीलाही जसं घडलं तसं कळवलं. पंधरा दिवस मी रोज सकाळी पावणेनऊला लॉगर उघडून बसायची, शाळेच्या दारात पोराची वाट बघावी तशी. पहिल्या दिवशी टेकडी अखंड. दुसऱ्या दिवशीही. आणि एक गोष्ट वर: काकूंनी केळी हलवली, पण सकाळी पॅनेल पुसणं काही सोडलं नाही. “रोजची सवय, हात राहत नाहीत.” त्यामुळे जनरेशन माझ्या अंदाजापेक्षाही चढं निघालं.

सोळाव्या दिवशी मेश्राम मॅडम आल्या. मला वाटलं होतं तशा उंच, करड्या बाई नव्हत्याच. ठेंगण्याशा, पाठीवर सॅक, पायात बूट. सील तपासलं, मीटर तपासले, हरित विजेची बिलं तपासली. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हर्षलची पाचावर धारण. शेवटी सगळे ओट्यावर बसलो. काकूंनी चहा आणला, आणि बशी.

मेश्राम मॅडमनी एक सुकेळं उचललं, उलटसुलट पाहिलं, खाल्लं. दुसरं उचललं. मग ते हातात तसंच धरून काकूंना विचारलं, “हे कुठे वाळवलं?”

आयुष्यभर तपासण्या करून मला जो प्रश्न सुचला नव्हता, तो या बाईने दुसऱ्या घासाला विचारला.

“चला, दाखवते,” काकू म्हणाल्या. शेडच्या मागे नेऊन त्यांनी ट्रे ओढून दाखवला. “ही पोराच्या मशीनची हवा. आधी मी त्याच्या काचेवर वाळवत होते, ते चुकलं. आता याच्यावर. शेवटचा दिवस ऊन. लिहून घ्या तुम्ही.”

मेश्राम मॅडम त्या गरम वाऱ्यात केस उडवत उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. “लिहून घेते.”

सर्टिफिकेट आठवड्याने आलं. हर्षलने ते फोनवर वाचून दाखवलं. सूर्याची वीज, हरित वीज, तासागणिक जुळवणी, सगळं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीत, त्या रटाळ सरकारी इंग्रजीत, लिहिलं होतं की यंत्रांच्या उष्णतेचा पुनर्वापर केळी वाळवण्यासाठी होतो. ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग फोन आईकडे दिला. मी म्हटलं, “काकू?” तेव्हा म्हणाल्या, “राहिला हो माझा पोरगा,” आणि रडायला लागल्या. इकडे ऑफिसात माझ्याही डोळ्यांना धार लागली.

परदेशातून मशीन आली. त्यांच्या लोकांनी पहिल्या कॉलमध्ये सोलरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि केळ्यांबद्दल अकरा.

जत्रेला मी यांना घेऊन गेले. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सासूबाईंच्या जागेवर, काकूंचं दुकान. केळीच्या खोडाच्या सुक्या सोपटात बांधलेल्या सुकेळ्यांच्या जुड्या. मागे बाकड्यावर हर्षल, गिऱ्हाइकाला सुटे देताना गोंधळलेला, कारण या नाण्यांचं ॲप नव्हतं. काकूंनी मला बघून एक जुडी उचलली आणि हातात कोंबली. मी पैसे काढले तर म्हणाल्या, “ठेवा ते. तुम्ही आमच्याकडे न कळवता आलात, तेवढं पुरे.”

माझ्या ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये चाळीस मुद्दे होते. सील, मीटर, अर्थिंग वगैरे. आता एक्केचाळिसावा आहे: यजमानांनी खायला काय दिलं, आणि ते कुठे वाळवलं?